आज लागू काय आहे?

शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला, वाटेवर काट्या लावल्या किंवा पाटाचं पाणी अडवलं, तर नगर जिल्ह्यातला शेतकरी आजही १९०६ सालच्या कायद्याकडे धाव घेतो. मामलेदार न्यायालय अधिनियम हे त्याचं नाव. त्याच्या कलम ५ खाली अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. अट एवढीच, की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. रस्ता पूर्वी नव्हताच, नव्याने हवा असेल, तर मात्र हा कायदा चालत नाही. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ लागतं आणि बांधावरून वाट मागावी लागते. त्यावर मे २०२५ मध्ये शासन निर्णय आला. शेतरस्ता शक्यतो तीन-चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असं तो सांगतो. म्हणजे एका वाटेसाठी तीन काळांतले तीन कागद झाले. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला तर तो फेटाळला जातो आणि तोवर सहा महिन्यांची मुदतही टळलेली असते. मग शेतकरी दिवाणी कोर्टात जातो, आणि तिथे पुढच्या पिढीपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवावी लागते.

सरकारी कायदे आणि नियम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घ्यावेत, जुनाट ते काढावेत, गुंतागुंत सोडवावी, हा विचार आता जगभर जोरात आहे. त्याबद्दल लिहायचं तर सुरुवात या वाटेपासूनच करायला हवी. कारण 'जुने कायदे शोधून काढ' एवढाच हुकूम यंत्राला दिला, तर १९०६ चा हा कायदा त्याच्या यादीत पहिल्या पानावर येईल. भाषा जुनी, पदनामं जुनी, दंडाच्या रकमा जुन्या. तरीही पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा आणि जवळच्या कचेरीत मिळणारा न्याय याच कायद्यात आहे. कायद्याचं वय आणि कायद्याची गरज यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला तहसील कचेरी माहीत असावी लागते.

नको झालेले कायदे काढणं आपल्याला नवं नाही. केंद्राने २०१४ मध्ये आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, विधि आयोगानेही त्याच वर्षी कालबाह्य कायद्यांवर अहवाल दिले आणि तेव्हापासून दीड हजारांवर केंद्रीय कायदे रद्द झाले. त्यांतले पुष्कळसे निव्वळ दुरुस्ती कायदे होते. त्यांचा मजकूर मूळ कायद्यात कधीच मिसळून गेला होता. ते गेल्याने कायद्यांचं पुस्तक हलकं झालं, सामान्य माणसाच्या रोजच्या कामात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. त्याची अडचण कायद्याच्या खालच्या थरात आहे. तिथे नियम, शासन निर्णय, परिपत्रकं, शुद्धिपत्रकं, पूरकपत्रं आणि 'स्थायी आदेश' असतात. कारकून ज्यावर बोट ठेवून 'होत नाही' म्हणतो, तो कागद बहुधा कायद्याचा नसतो, परिपत्रकाचा असतो.

हा खालचा थर कसा साफ करायचा याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीची बसण्याची मांडणी बदलली, कोणत्या टेबलावर कोणतं काम हे लिहून ठेवलं आणि दप्तराची नव्याने लावणी केली. कुठल्या विषयावर सरकारचे कोणते आदेश चालू आहेत, ते एका जागी हाती लागावेत असा त्यात आग्रह होता. पुढे राज्याने हीच पद्धत उचलली आणि 'लखीना पॅटर्न' हे नाव महसूल खात्यात रूढ झालं. देशाच्या प्रशासनाच्या अभ्यासात ती 'अहमदनगर प्रयोग' म्हणून ओळखली जाते. सरकारी नोकरीत गेलेल्या प्रत्येकाला सहा गठ्ठे ठाऊक असतात: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'ड' वर्षभर. कोणता कागद किती काळ जपायचा, याचा हा हिशेब.

या पद्धतीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो तिचा क्रम. कागद आधी वाचायचा, मग त्याचा वर्ग ठरवायचा, नष्ट करायचं ते सगळ्यात शेवटी. तेही यादी करून आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. रुमालात बांधलेला एखादा कागद फुकट जागा अडवतो की पुढे कुणाची जमीन वाचवणार आहे, हे न वाचता कळत नाही. मराठवाड्यात आणि राज्यभर २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे मोडीतले कागद एकाएकी लाखमोलाचे झाले आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ते कागद कुणीतरी 'अ' वर्गात ठेवले होते, म्हणूनच ते सापडले.

चाळीस वर्षांनी याच कामासाठी यंत्र आलं आहे. त्याच्याकडून काय घ्यावं?

सरकारी शासन निर्णय आता संकेतस्थळावर मिळतात, प्रत्येकाला संगणक संकेतांक असतो. ही सोय मोठीच आहे. पण एखादा विषय घेऊन मागे मागे जाऊन पाहा. वर 'वाचा' म्हणून पाच-सात संदर्भ असतात. त्यांतला एक २००३ चा, दुसरा १९९४ चा, तिसरा संकेतस्थळावर सापडतच नाही. कुठे लिहिलेलं असतं की अमुक तारखेचा निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे. हे वाक्य यंत्राला सोपं आहे. कुठे असतं, 'या विषयावरील यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित'. हे सर्व म्हणजे कोणते? लिहिणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक असतीलच असं नाही. कुठे फक्त 'अंशतः सुधारणा' असते आणि पुढच्या वर्षी त्या सुधारणेचं शुद्धिपत्रक निघतं. जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या, डागाळलेल्या, तिरक्या. काही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, त्यातला मजकूर उचलला की निरर्थक चिन्हांची रांग हाती येते. त्यात जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. म्हणजे एकाच ठिकाणचे आदेश आता दोन नावांखाली शोधायचे.

इथे यंत्र खरंच उपयोगी आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. हजारो निर्णय वाचून 'हा याच्यामुळे बदलला, तो त्याच्यामुळे संपला' अशी वंशावळ मांडणं हे माणसाला महिनोन्महिने जाणारं काम आहे आणि ते नीट होत नाही. यंत्र ते न थकता करील, मुख्य म्हणजे दोन आदेश एकमेकांना छेद देतात ती जागा दाखवून देईल. एखाद्या निराधार बाईच्या योजनेसाठी एक परिपत्रक एक दाखला मागतं आणि दुसरं तोच दाखला माफ करतं, हे तिला सेतू केंद्रात तिसऱ्या खेपेला कळण्यापेक्षा मंत्रालयात आधीच कळायला हवं.

दुसरं एक काम यंत्र करू शकतं, ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. जिथे नियम असायला हवेत पण नाहीत, त्या रिकाम्या जागा ते शोधू शकतं. आपल्या कायद्यांत जागोजागी 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' असं म्हटलेलं असतं, म्हणजे ती रीत सरकारने नंतर नियमांत सांगायची. ते नियम निघालेच नाहीत तर कायदा कागदावर राहतो. याचं उदाहरण नगरकरांच्या दारातून वाहतं. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आणि प्रवरेचे कालवे यांवर अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊस उभा राहिला. पाण्याच्या पाळ्या, मंजुरी, ब्लॉक, पंचनामा हे सगळं १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याखाली आणि १९३४ च्या कालवे नियमांखाली चाललं. १९७६ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा पाटबंधारे अधिनियम केला. पण त्याचे नियम पुढे अनेक दशकं झालेच नाहीत. जुने नियम व्यावृत्तीच्या कलमामुळे, म्हणजे जुन्याचं चालू ठेवण्याच्या तरतुदीमुळे, तगून राहिले. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, तेव्हा तो लोकांपर्यंत आला. गोदावरी-प्रवरेच्या पाण्यावरून नगर, नाशिक आणि मराठवाडा यांच्यात कोर्टकज्जे होत असताना पाण्याचा मूळ कायदा नियमांविना होता, ही साधी गोष्ट नाही. यंत्राला विचारा, की राज्याच्या प्रत्येक अधिनियमात 'विहित' हा शब्द कुठे कुठे आहे आणि त्यापुढचा नियम निघाला का. ही यादी विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याच्या हाती पडली पाहिजे.

परदेशात काय चाललंय, तेही पाहू. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने असं साधन वापरून आपल्या नियमांतला सुमारे २२ लाख शब्दांचा पुनरुक्तीचा आणि निरुपयोगी मजकूर काढला. सॅन फ्रान्सिस्को शहराने स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं साधन वापरलं. नगरपालिकेच्या कायद्यांत खात्यांनी कोणकोणते अहवाल द्यावेत असं विखरून लिहिलेलं होतं, ते गोळा केलं. त्यात रस्त्यांवरच्या ज्या वर्तमानपत्रांच्या पेट्या आता उरल्याच नाहीत, त्यांच्याबद्दलचा अहवालही निघाला. मग शहराच्या वकिलांनी आणि खात्यांनी यादी तपासली आणि काय रद्द करायचं हा प्रस्ताव लोकांनी निवडून दिलेल्या मंडळापुढे ठेवला. हा रस्ता मला पटतो.

वॉशिंग्टनमध्ये मात्र दुसरा प्रकार झाला. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार डोज या सरकारी गटाने असं साधन तयार केलं, की केंद्रीय सरकारच्या सुमारे २ लाख नियमांपैकी १ लाख काढून टाकायचे. गृहनिर्माण खात्यात दोन आठवड्यांच्या आत १,०८३ कलमांवर निर्णय घेण्यासाठी ते वापरलं गेलं. नियम लिहिणाऱ्यांनी कायदा चुकीचा समजून घेतला आहे, असं ते काही ठिकाणी सांगत होतं. प्रत्यक्षात नियम बरोबर होते, असं त्याच खात्यातल्या कर्मचाऱ्याने त्या वृत्तात सांगितलं आहे. निम्मे काढायचे हे आधी ठरवून मग वाचायला बसणं, ही छाननीच नव्हे. लखीना पद्धतीच्या ती नेमकी उलटी आहे.

यंत्र चुकतं म्हणजे कसं चुकतं, याचा दाखला शोधायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कंपनीचं आयकराचं प्रकरण आलं. कंपनीने उत्पन्न दाखवलं होतं सुमारे ३.०९ कोटी, खात्याने ते धरलं २७.९१ कोटी. त्या आदेशाला आधार म्हणून जे न्यायनिवाडे दिले होते, त्यांतले तीन अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकाऱ्यांनी तिने दिलेल्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबू नये, पडताळून घ्यावं, असं बजावलं. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्येच जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निर्णय देण्याच्या कामी अशी साधनं वापरायला मनाई केली. कंपनीकडे वकील होते, म्हणून खोटे निवाडे उघडे पडले. अकोले तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्याच्या वनहक्काच्या दाव्यात 'हा नियम रद्द झाला आहे' असं यंत्राने चुकून सांगितलं, तर ते कोण पडताळणार?

आणखी एक गोष्ट नीट ओळखायला हवी. बऱ्याचदा अडचण कुठे आहे ते आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. जमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत, हा त्याचा हेतू. पण नगर, श्रीरामपूर, शिर्डी, संगमनेरच्या कडेने वस्ती वाढली तशी लोकांनी गुंठा-गुंठा जागा घेऊन घरं बांधली. खरेदी व्हायची, पण सातबाऱ्यावर नाव लागायचं नाही. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून असे व्यवहार नियमित करण्याची सोय झाली. लोक आले नाहीत. मग ती रक्कम ५ टक्क्यांवर आली, आणि २०२५ मध्ये शुल्काशिवाय मार्ग काढण्याचं ठरलं. बाँडरायटरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ही गाठ माहीत होती, ती शोधायला यंत्र लागलं नसतं. शेती वाचवायची की घराला कागद द्यायचा, हे ठरवायलाच इतकी वर्षं लागली. हा प्रश्न धोरणाचा आहे. तो सोडवण्याची जबाबदारी निवडून आलेल्या माणसाने घ्यायची असते आणि त्याबद्दल लोकांना उत्तरही त्यानेच द्यायचं असतं.

उत्तर देण्याची ही गोष्ट नगर जिल्ह्याने सगळ्या देशाला शिकवली आहे. राळेगण सिद्धीहून अण्णा हजारे यांनी केलेल्या आंदोलनांच्या रेट्याने महाराष्ट्रात २००२ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि २००५ मध्ये देशाचा. बदल्यांचं नियमन आणि दप्तर दिरंगाई यांवरचा राज्याचा कायदाही त्यांच्याच पाठपुराव्याचा. कोणतीही फाईल एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक थांबू नये, असं त्याचं कलम १० सांगतं. २००६ मध्ये केंद्र सरकार फाईलवरच्या टिपण्या माहितीच्या अधिकारातून वगळायला निघालं, तेव्हा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती मागे पडली. टिपणीसाठी एवढा आग्रह का? निर्णय आदेशात दिसतो, त्यामागचं कारण मात्र टिपणीत असतं. कुणी काय सुचवलं, कुणी विरोध केला, कुणी विरोध डावलून सही केली, हे तिथे कळतं.

आता कल्पना करा, की एखादा नियम काढावा ही सूचना यंत्राने दिली. ती टिपणी कुठे? त्याला काय विचारलं होतं, कोणते कागद वाचायला दिले होते, कोणते दिले नव्हते, आणि त्याचं उत्तर बरोबर आहे हे कोणत्या अधिकाऱ्याने तपासलं? हे फाईलवर नसेल, तर आळंदीला राखलेला हक्क मागच्या दाराने निघून जाईल. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ म्हणतं, की महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित तथ्यं जाहीर करा आणि ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं द्या. यंत्राला विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेलं उत्तर, दोन्ही या कलमाखाली आली पाहिजेत. माझं याबाबतीत ठाम मत आहे.

दुसरी भीतीही बोलून दाखवायला हवी. 'अनुपालनाचं ओझं' कमी कर, असं यंत्राला सांगितलं की त्याला सगळ्यांत आधी काय दिसेल? ग्रामसभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, मजुरांची हजेरी कुठे लावायची, हिशेब कुठल्या फलकावर लिहायचा, नोंदवही कुणाला दाखवायची. कचेरीच्या बाजूने पाहिलं तर हे ओझं आहे. लोकांच्या बाजूने पाहिलं तर हाच पहारा आहे. शब्दांची संख्या मोजणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून छाननीच्या टेबलावर उद्योजकासोबत ग्रामसभेत बसणारा माणूस, रोजगार हमीवर काम करणारी बाई आणि तहसीलच्या अर्जशाखेतला अनुभवी अव्वल कारकून असायला हवा.

राज्य सरकारने २०२५ मध्ये शंभर आणि पुढे दीडशे दिवसांचे कार्यक्रम हाती घेतले. त्यांत संकेतस्थळं, ई-ऑफिस, कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर यांवर कचेऱ्यांना गुण मिळाले. मुंबई, पुणे आणि नागपूर इथे कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रं उभारण्यासाठी मायक्रोसॉफ्टशी करारही झाला. हेतू चांगला आहे. या सगळ्यात माझी मागणी लहान आहे. एक जिल्हा घ्या, तो अहिल्यानगरच घ्या, आणि एकच खातं घ्या, महसूल. स्थायी आदेशांचा गठ्ठा यंत्राकडून वाचून घ्या. शेतरस्ता, वारसनोंद, पोटहिस्सा, बिनशेती अशा रोजच्या विषयांवर आज लागू असलेला एकेक स्वच्छ मराठी मजकूर तयार करा. त्याखाली कोणते आदेश संपले आणि कोणते वादात आहेत, ते लिहा. महसुली अधिकारी आणि वकील यांच्याकडून ओळ न ओळ तपासून घ्या, त्यावर सही घ्या आणि चौदाही तालुक्यांच्या कचेऱ्यांत लावा. काय रद्द करायचं ते त्यानंतर विधिमंडळाला ठरवू द्या.

सरकार हे करीपर्यंत वाचकांनी थांबायचं कारण नाही. माहितीच्या अधिकाराचं कलम ४(१)(ख) प्रत्येक कार्यालयाला बांधून ठेवतं, की कामासाठी वापरले जाणारे नियम, सूचना, नियमपुस्तिका यांची माहिती त्याने स्वतःहून जाहीर करावी. हा हुकूम २००५ पासून आहे. तुमच्या तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत जाऊन ही यादी मागा. ती नसेल किंवा अर्धी असेल, तर साध्या कागदावर अर्ज करा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्या कामाला आज लागू असलेले आदेश कोणते, त्यांच्या तारखांसह? दहा गावांतून असे दहा अर्ज गेले, तरी यंत्राला वाचायला द्यायचा पहिला गठ्ठा तयार होईल.